शब्दचर्चा : पोळ्याचा ‘मेढा’ आणि पळसाचे लाकूड

विचारणा :
वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोळ्याच्या दिवशी प्रत्येक घराच्या दाराशी पळसाच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या उभ्या करतात आणि त्यांना ‘मेढे’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी, करीच्या पहाटे, ‘इडा, पीडा, रोगराई, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत’ (मारबत म्हणजे पीडा घेऊन जाणारी बाहुली) अशी आरोळी देत ते शिवेबाहेर नेऊन टाकतात. यंदा मुलीने वहीत ‘मेंढा’ लिहिले आणि शाळेतही ते तसेच राहू दिले गेले. मेढा आणि मेंढा एकच का? आणि फांदी पळसाचीच का हवी? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :
ताई, दोन्ही शब्द अगदी निराळे आहेत. मेंढा हा प्राणी. मेढा मात्र ‘मेढ’ म्हणजे रोवलेला खांब या शब्दाच्या घरातला असून लग्नाच्या मांडवाची ‘मुहूर्तमेढ’ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले भावंड आहे. खळ्याच्या मध्यभागी जो खांब रोवून त्याभोवती मळणीचे बैल फिरवीत, त्याला संस्कृतात ‘मेथि’ किंवा ‘मेधि’ आणि मराठीत ‘मेढ’, ‘मेढी’ म्हणत आले आहेत. बैलांच्या सणालाच हा शब्द दारात येऊन उभा राहतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पळसाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. या झाडाचे वैदिक नाव ‘पर्ण’ असून पर्ण म्हणजे पान तसेच पीसही. गायत्री छंद पक्षिरूपाने सोम (यज्ञात लागणारी वनस्पती) आणीत असता जे पर्ण गळून पडले, त्यातून हे झाड उगवले, अशी कथा ब्राह्मणग्रंथांत आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात याच लाकडाचा मणी, म्हणजे ताईत, बळ मिळावे म्हणून अंगावर बांधण्याचे सूक्त आहे. आणि यज्ञासाठी दूध काढण्याआधी वासरांना गाईंपासून दूर करायचे ते पळसाच्या फांदीने, असाही विधी सांगितला आहे. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळताना हातात पळसाचेच पान असते. एकातून दुसरे आले असे मी म्हणणार नाही, परंतु गुराढोरांशी या झाडाचे नाते फार जुने आहे एवढे नक्की.

आता लाकडाचा गुण पाहा. पळसाचे लाकूड हलके आणि मऊ असते. पाण्याखाली ते टिकते, पण उघड्यावर लवकर किडते व कुजते, म्हणून घराच्या खांबाला त्याचा विचारही कोणी करत नाही. तरीही खांबाचे नाव त्याच्याच फांदीला मिळाले. मुहूर्तमेढ मांडव उभा असेपर्यंत राहावी लागते, तर पोळ्याच्या मेढ्याने एक रात्र दारात उभे राहून घरातली पीडा स्वतःवर घ्यायची आणि उजाडताच निघून जायचे असते. टिकाऊ लाकूड या कामाला चालणारच नाही, कारण ते टाकताना माणसाचा जीव तुटेल. ही संगती माझी आहे. कोणाला वेगळे कारण ठाऊक असल्यास अवश्य लिहावे.

विचारणाऱ्या ताई :
मनापासून आभार. आपण लिहिलेले वाचून आजीची आठवण झाली. ती मेढा उचलण्यापूर्वी तो घरातल्या प्रत्येक खोलीच्या कोपऱ्याला टेकवीत असे, आजारी माणसाच्या पायांवरून उतरवीत असे, आणि शिवेवर टाकून परतताना आम्हा पोरांना मागे वळून पाहू देत नसे. रात्रभरात पाने मलूल झालेली असत. त्याकडे बोट दाखवून ती म्हणायची, ‘पाय (म्हणजे पाहा), किती ओढून घेतलं त्यानं.’ मुलीला आज हे सगळे सांगितले. वहीतला अनुस्वार तिने स्वतःच खोडला.