चार दारांची डार्ट भंगारात का म्हणून घालू?

मिशिगनकर

परवा जुन्या गाड्यांच्या धाग्यावर मी एवढंच लिहिलं होतं की १९७४ची डॉज डार्ट घेतली, चार दारांची, स्लँट सिक्स (तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन), जॅक्सनजवळच्या एका शेतावरच्या गोठ्यात १९ वर्षं उभी होती. त्यावर ‘व्हीएट’ यांनी लिहिलं, “चार दारांच्या डार्टवर खर्च करणं म्हणजे मेलेल्या माणसाला सलाइन लावणं. डिस्क ब्रेक काढून विका, काचा विका, उरलेला सांगाडा भंगारात द्या. तेवढंच एखाद्या दोन दारांच्या डस्टरचं भलं होईल.” खाली अकरा जणांनी ‘सहमत’ लिहिलं. दोन दिवस गप्प बसलो, आज बसवत नाही.

दोन दारांच्या गाड्यांना वाली आहेत. डस्टर, डीमन, डार्ट स्पोर्ट, त्यात ३४० नाहीतर ३६० घनइंचांचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन असेल तर बघायलाच नको. पण रस्त्यावर खरी चालली ती ही गाडी. शाळामास्तर, नर्सबाई, टपालवाला यांनी हप्त्यावर घेतलेली, जेमतेम १०५ अश्वशक्तीची. ऑक्टोबर १९७३मध्ये तेलाचा तुटवडा सुरू झाला आणि मोठ्या गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या, तेव्हा लोक हिच्याकडे वळले. जी रोज वापरली ती कुणीच जपून ठेवली नाही, म्हणून आज ती दिसत नाही.

१९८४ साली मी इथे एम.एस.ला आलो. आम्ही चौघांनी मिळून ३५० डॉलरला अशीच एक डार्ट घेतली होती. जानेवारीत खिडकीच्या आतून बर्फ साचायचा, पण चावी फिरवली की इंजिन धरायचं. तांदळाची पोती, डाळी, विमानतळावरून येणारा प्रत्येक नवा मराठी मुलगा, सगळं तिच्यातूनच आलं. माझी बायकोही लग्नानंतर त्याच गाडीतून घरी आली. ती गाडी आम्ही १९९०मध्ये ७५ डॉलरला भंगारवाल्याला दिली. मला अजून त्याची बोच आहे.

आता या गाडीबद्दल. इंजिन जाम होतं. प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये गिअरचं तेल आणि ॲसिटोन ओतलं. रोज संध्याकाळी खालचं झाकण काढून रिंग गिअरच्या दात्यांत लांब पेचकस अडकवून जोर लावायचो. नवव्या दिवशी रिंग गिअर दोन दात्यांइतका फिरला. अंगणात उभं राहून मी मोठ्यानं ओरडलो, शेजारचे पोलिश आजोबा धावत आले. हे आजोबा डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅम्कमध्ये डॉज मेन कारखान्यात होते, १९८०मध्ये तो बंद पडेपर्यंत. त्यांनी काचेतून डॅशबोर्डवरचा चासी नंबर वाचला आणि सातव्या अक्षरावर बोट ठेवलं. बी. म्हणजे हॅमट्रॅम्क.

मग मागची सीट उचलली. स्प्रिंगांमध्ये अडकलेला घडीचा कागद निघाला, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. कारखान्यात गाडी बनताना तिच्यासोबत फिरायचा तो तक्ता. कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठला पट्टा, सगळे आकडे. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

ही गाडी मी फाडणार नाही. जशी त्या कागदावर आहे तशीच करणार आहे.

व्हीएट

काका, भाषा कडक झाली, त्याबद्दल माफ करा. मत मात्र तेच आहे.

माझ्या १९७१च्या डस्टरला नुसत्या डेंटिंग-पेंटिंगला नऊ हजार डॉलर गेले, आणि तिचा पत्रा तुमच्यापेक्षा बरा होता. तुमची गाडी पूर्ण होऊन चकाचक उभी राहिली तरी नऊ हजारांना कुणी विचारणार नाही. त्यात ७३ ते ७६च्या डिस्क ब्रेकवाल्या गाड्यांचे चाकाचे स्पिंडल आणि ब्रेकचे कॅलिपर जुन्या ड्रमवाल्या डस्टरला बसतात. तुमच्या एका गाडीनं दुसरी गाडी नीट थांबते. हा काही अपमान नाही, अवयवदान आहे.

आणि ‘कागदावर आहे तशीच’ म्हणताय, तर एक सांगा. १९७४च्या गाड्यांना सीट बेल्टचा इंटरलॉक होता. बेल्ट न लावता गाडी चालू व्हायची नाही. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी तिला बेल्ट लावावा लागायचा. लोकांनी इतकी बोंब मारली की ऑक्टोबर १९७४मध्ये अमेरिकी काँग्रेसनं (संसदेनं) ते बंधन काढून टाकलं. तुमच्या गाडीतली ती वायर कापलेलीच असणार. जोडणार आहात का?

मिशिगनकर

कापलेलीच आहे, सीटखाली, टेप गुंडाळून. नाही जोडणार. तेवढं तुमचं बरोबर.

पण कापलेली वायर हाही त्या गाडीचा इतिहासच आहे. ती तशीच टेपसकट ठेवणार.

गॅरेजताई

तुम्ही दोघं इतिहासावर भांडताय, पण पेचकस खुपसून गंज पाहिला का कुणी? मी ओहायोत राहते, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ असतं. एकविसाव्या वर्षापासून गाड्यांच्या खाली झोपते आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

दाराचा, फेंडरचा गंज दिसतो, तो सोपा. या गाडीत माणूस मरतो तो न दिसणाऱ्या गंजानं. पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईवर) आहे, आणि बारचं मागचं टोक फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरमध्ये, म्हणजे क्रॉसमेंबरमध्ये बसतं. तो मेंबर सडला की बार आत घुसतो आणि गाडीचा एक कोपरा खाली बसतो. दुसरं, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे हँगर. तिसरं, पुढच्या काचेखालची पोकळी, काउल. तिथे पानं साचतात, पाणी मुरतं आणि पायाखालच्या फ्लोअरवर ठिबकतं. तुम्ही चटई उचलता, रंग मारता, गंज वरून येतच राहतो.

गोठ्यातली जमीन मातीची होती की काँक्रीटची? मातीची असेल तर १९ वर्षं खालून ओल चढली आहे. आधी क्रॉसमेंबर ठोकून बघा. बद् आवाज आला तर मी व्हीएट यांच्या बाजूनं. टणक आवाज आला तर काकांच्या. गंजावर लांबी (पुट्टी) भरून चकचकीत केलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात, दोन हिवाळ्यांत फुगतात.

इंजिनाची काळजी नको. ओतीव लोखंडाचं आहे, क्रँक फोर्ज केलेला आहे. गरम असताना टॅपेटची फट सेट करा, इनटेक दहा थाउ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट वीस थाउ, आणि विसरून जा. चावी धरली की चालू आणि सोडली की बंद असं झालं तर इग्निशनचा बॅलास्ट रेझिस्टर उडालाय, एक जास्तीचा डॅशखाली ठेवा. मात्र पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा आधी बदला. तेव्हाचं रबर आताच्या दहा टक्के इथेनॉलला टिकत नाही, आणि गळतं ते बरोबर गरम मॅनिफोल्डवर.

पद्मिनीवाला

ताई, दहा टक्क्यांचं काय घेऊन बसलात, आम्ही इथे पुण्यात वीस टक्के पितोय!

माझ्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांची. (डॉजशी नातं आमचंही आहे. वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला प्रीमियर काढली ती क्रायसलरशी करार करूनच, फियाट नंतर आली.) दोन वर्षांत दोनदा कार्बोरेटर उघडला. फ्लोटची सुई चिकटलेली, वाटीत हिरवट पांढरा चिखल, नळी बोटानं दाबली तर चिरा. चाळीस वर्षांत कधी नव्हतं झालं. बाकीच्या गाडीवाल्यांचं मायलेज घटतंय ते वेगळंच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय की मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज इ-२०वर (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) ६ ते ७ टक्के घटेल. मला पंपावर साध्या पेट्रोलचा पर्याय का नाही? जास्त पैसे देतो, पण द्या.

शिरोळचा_ऊस

पर्याय मागा, हरकत नाही. पण इथेनॉलला विष म्हणू नका. ते आमच्या ताटातलं आहे.

उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं हे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. माझ्या वडिलांनी त्याच बिलासाठी सहा-सहा महिने खेटे घातले. बहिणीचं लग्न एकदा पुढे ढकललं त्यापायी. साखर पोत्यात पडून, भाव पडलेला, कारखाना म्हणतो पैसे नाहीत. इथेनॉल सुरू झाल्यापासून मळीचे, रसाचे पैसे लवकर फिरायला लागले. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, पुढे थोडी सैल केली, तेव्हा आमच्या गावात काय रात्र गेली ते तुम्हाला कसं कळणार? तुमच्याकडे एका शौकाच्या गाडीची सुई चिकटली.

पद्मिनीवाला

शौक? वडील त्या गाडीतून शेवटचे दवाखान्यात गेले. शब्द जपून वापरा.

आणि ऊस किती पाणी पितो तेही लिहा ना. मराठवाड्यात प्यायला टँकर, आणि आपण ते पाणी उसातून काढून टाकीत जाळायचं?

शिरोळचा_ऊस

मी मराठवाड्यातला नाही, नदीकाठचा आहे. आमच्याकडे २०१९ला आणि २०२१ला घरात पाणी शिरलं होतं. पुरात आठवडाभर उभं राहून जे पीक थोडंफार हाती लागतं ते ऊसच. सोयाबीन लावून बघा म्हणणारे पुण्यात बसून म्हणतात.

पद्मिनीवाला

पुण्यात बसून कर आम्हीही भरतो.

व्यवस्थापन

दोघंही वैयक्तिक पातळीवर येऊ नका. उसाच्या पाण्यावर वेगळा धागा काढा. इथे गाडीवर बोला.

गॅरेजताई

गाडीवरच बोलते. पद्मिनीवाले दादा, गाडी महिन्यातून किती चालते?

पद्मिनीवाला

गणपतीत, दसऱ्याला, एखाद्या रविवारी. पाचशे किलोमीटर वर्षाला.

गॅरेजताई

मग निम्मा दोष उभं राहण्याचा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे खरं, पण चार महिने तेच पेट्रोल वाटीत राहिलं तर साध्या पेट्रोलचाही चिकटा होतो. पंधरा दिवसांतून एकदा वीस किलोमीटर फिरवा, नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाका, टाकी भरलेली ठेवा. नळीच्या चिरांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, जुनं रबर वीस टक्क्यांना उभं राहत नाही. आणि शिरोळवाले दादा, तुमचं बिल वेळेवर मिळावं हे शंभर टक्के मान्य, पण जुन्या गाडीवाल्याला एक वेगळा नोझल दिला तर तुमच्या उसाचं काहीही कमी होत नाही.

मिशिगनकर

इथे काही पंपांवर बिनइथेनॉलचं मिळतं, मोटरबोटवाले नेतात. महाग असतं. मी तेच घालतो.

शिरोळचा_ऊस

वेगळा नोझल द्या. मी कुठे नको म्हणालो? पद्मिनीवाले, वडिलांचं माहीत नव्हतं. तो शब्द मागे घेतो.

उसावरचा नाही घेत.

पद्मिनीवाला

ठीक. बहिणीच्या लग्नाचं वाचून वाईट वाटलं. वीस टक्के मात्र जास्तच आहे.

मिशिगनकर

काल हातोडी घेऊन खाली शिरलो. जमीन मातीचीच होती. ताई, क्रॉसमेंबर दोन्ही बाजूंना टणक आहे, वरून नुसती पापुद्र्याची साल निघाली. डावा हँगर वेल्डिंग मागतोय. फ्लोअर चालकाच्या बाजूला गेलाय, टाचेखाली गवत दिसतं. मागचा डावा दरवाजा खालून चार इंच चुरा झालाय, तो वाचणार नाही. चार दारांच्या गाडीचा तो पत्रा नवा कुणी बनवतच नाही, दोन दारांचा पुष्कळ मिळतो. व्हीएट, तुमच्या म्हणण्यातला हा भाग मला रात्रभर टोचत होता. आमच्या गाड्या फाडल्या गेल्या म्हणूनच आम्हाला दरवाजे मिळत नाहीत.

गॅरेजताई

टणक ना? मग मी काकांच्या बाजूनं. फ्लोअर कापण्याआधी दाराच्या चौकटीला आडवा आधार वेल्ड करा, नाहीतर दारं लागायची नाहीत.

व्हीएट

पैशाचं गणित आजही तेच आहे, ते मी मागे घेत नाही. घर गहाण ठेवू नका म्हणजे झालं.

पण एक सांगायचं राहिलं. माझ्या डस्टरचे डिस्क ब्रेक एका ७५च्या चार दारांच्या डार्टचे आहेत. आठ वर्षांपूर्वी ती मीच फाडली. म्हाताऱ्या बाईंची होती, चालू होती, मी स्वतः चालवत घरी आणली आणि तीन शनिवारांत संपवली. दरवाजांच्या सोडून बाकी काचा विकल्या, इंजिन विकलं. दरवाजे कुणी घेतले नाहीत, म्हणून ते अजून शेडमध्ये भिंतीला टेकून आहेत. मागचा डावाही. खालची कड आत्ताच बोट फिरवून पाहिली, धड आहे. निळा आहे, तुम्हाला रंगवावा लागेल. काच आणि वाइंडर आतच आहेत.

पैसे नकोत. कुरियरनं पाठवला तर वाकवतील. आय-८०वर पेनसिल्व्हेनियात क्लिअरफील्डपर्यंत मी येतो, पुढचं तुम्ही बघा. तुम्हाला जास्त पडेल.

मिशिगनकर

येत्या शनिवारी निघतो. बिजागऱ्या दरवाजालाच ठेवा, काढू नका. आजोबा विचारतायत, सोबत येऊ का.