क्रॅबअ‍ॅपलवर थवा आलाय, पण पक्षी काचेवर आपटतायत

बर्फातली_आजी
मिनियापोलिसजवळ राहतो. बॅकयार्डात क्रॅबअ‍ॅपल, म्हणजे चिमुकल्या सफरचंदांचं झाड आहे, ऑक्टोबरपासून बोराएवढी लाल फळं लगडलेली पण कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि आता फेब्रुवारीत अचानक थवाच्या थवा उतरलाय. बुलबुलासारखी शेंडी, अंग तपकिरी, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीचं टोक पिवळंधमक. डेकवर सगळा लाल राडा, तो धुता येईल हो, पण काल एक स्लायडिंग डोअरवर आपटला. सूनबाई म्हणते फळं आंबलीत, त्यांना चढलीय. खरं का हे? फळं तोडून टाकू?

थंडोबा
आजी, तोडू नका! हे सीडर वॅक्सविंग. क्रॅबअ‍ॅपल आधी कडक आणि तुरट असतं, गोठून-वितळून मऊ पडलं की मग यांची पंगत बसते. फांदीवर ओळीने बसून एकच फळ चोचीतून चोचीत पुढे देतात, बघा दिसतंय का. इकडे एडमंटनला माउंटन अ‍ॅशच्या फळझाडावर त्यांचे मोठे भाऊ येतात, बोहेमियन वॅक्सविंग, करडे, शेपटीखाली विटकरी. पाइन ग्रोसबीक मात्र वेगळाच, गर थुंकून नुसत्या बिया खातो, खालचा बर्फ घाण करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

चहाबाज
चढते हे खरंय, आंबलेली फळं खाऊन वॅक्सविंग झिंगल्याच्या नोंदी आहेत. पण प्रत्येक वेळी दारूवर कशाला ढकलायचं, शुद्धीतला पक्षीपण आपटतो कारण काचेत झाड आणि आकाश दिसतं त्याला. काचेला बाहेरून ठिपक्यांची टेप लावा, दोन-दोन इंचांवर, पूर्ण काचभर. ससाण्याचं एकच स्टिकर लावून काही होत नाही, बाजूने जाऊन धडकतात. आपटून पडलेला जिवंत असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणीबिणी पाजू नका, तरतरीत झाला की बाहेर सोडा. नाहीच सावरला तर वाइल्डलाइफ रिहॅबवाल्यांना, म्हणजे जखमी पक्षी-प्राणी बरे करणाऱ्यांना, फोन.

ओटावाची_माई
क्रॅबअ‍ॅपलचं ठीक आहे हो, माझ्या चेरीचं काय? जूनअखेर रॉबिन आमच्याआधी हजर!

थंडोबा
माई, जाळी लावायची तर बारीक, करंगळी आत जाणार नाही अशी आणि ताणून, सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. नाहीतर शेजारी सर्व्हिसबेरी लावा, ती पण जूनमध्येच पिकते, थोडे तरी तिकडे वळतील. सगळे नाही वळणार, आधीच सांगतो.

बर्फातली_आजी
टेप मागवली. सूनबाई म्हणते ठिपक्यांनी दार गोवर झाल्यासारखं दिसेल, दिसू दे.