मदत हवी आहे: दोन गावांमधलं विमानाचं अंतर आणि प्रत्यक्ष लागणारे तास जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

बाबांना पहिल्यांदाच लांबच्या विमानप्रवासाला न्यायचं आहे. त्यांचं एक औषध दर आठ तासांनी द्यावं लागतं, म्हणून वाटेत खरोखर किती तास जाणार हे मला आधी नीट कळायला हवंय. दोन्ही गावं लहान, थेट विमान नाही. नावं देत नाही, कारण तिकीट नकोय, हिशोब समजून घ्यायचाय.

अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर दोन गावं टाकली की किलोमीटर येतात आणि खाली उड्डाणाचा वेळ. तो बहुतेक अंतराला ताशी 900 ने भागून काढलेला दिसतो. वेळापत्रकातला वेळ त्याहून बराच जास्त. जायचा वेळ एक, यायचा दुसरा. अंतर तेवढंच असताना असं का? आणि तिकिटावरच्या वेळांवरून खरे तास कसे मोजायचे? जाणकारांनी कृपया सांगावं, बाबांची फार काळजी वाटते.

प्रतिसाद:
ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर असतं. विमान नेमकं त्याच रेषेवरून जाईल असं नाही. हवाई हद्द बंद असली की मोठा वळसा पडतो. 2022 मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. गावं होती तिथेच आहेत!

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्यामुळे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. न्यूयॉर्क ते लंडन साडेपाच हजार किमी. जाताना सुमारे सात तास, परतताना आठ.

शिवाय 900 चा वेग फक्त वर पोहोचल्यावर. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा, त्यामुळे भागाकारात दर उड्डाणामागे अर्धा-पाऊण तास तरी मिळवा. 500 किमीचं उड्डाण भागाकाराने 33 मिनिटांचं येतं, वेळापत्रकात तासाच्या वर असतं. तुमच्या बाबतीत तर गावापासून गावापर्यंतचं सरळ अंतर विसराच. प्रत्येक टप्पा वेगळा मोजा, मधला थांबा मिळवा, घर ते विमानतळ धरा.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत आणा आणि वजाबाकी करा. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून रात्री 10 ला निघून लंडनला सकाळी 10 ला पोहोचलात, तर घड्याळाने बारा तास होतात. पण न्यूयॉर्क तेव्हा यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणजे निघालात यूटीसी पहाटे 3 ला; लंडनची वेळ हिवाळ्यात यूटीसीच, म्हणजे पोहोचलात 10 ला. प्रवास सातच तासांचा. उन्हाळ्यात काही देश घड्याळ तासभर पुढे करतात, तारीख बघून फरक धरा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! टप्प्याटप्प्याने मांडून बघते. औषधाचा गजर कुठल्या वेळेवर लावू?

प्रतिसाद:
एक साधं घड्याळ निघालेल्या गावाच्या वेळेवरच ठेवा, ते आपोआप बदलणारं नको. आठ तास त्यावर मोजा. तिथे पोहोचल्यावर वेळा कशा सरकवायच्या ते तुमचा तक्ता दाखवून डॉक्टरांनाच विचारा. आणि औषध हातातल्या पिशवीत असू द्या, विमान उशिरा सुटलं तर पुरेल इतकं.