प्रतिसाद: फोर्ट कोचीला एक दिवस पुरेल का?

वर कोणी म्हटलंय, 'फोर्ट कोची अर्ध्या दिवसात उरकतं.' उरकतं हो, तुळशीबागही अर्ध्या तासात उरकते!

आम्ही पुण्याहून कोकण रेल्वेने एर्नाकुलमला उतरलो. तिथून पलीकडे फोर्ट कोचीला जायला टॅक्सी करू नका, बोटीनेच जा. बंदर पाण्यावरूनच कळतं. हे बंदरच मुळात १३४१च्या पुरानंतर पुढे आलं, असं सांगतात.

बिएनाले, म्हणजे इथलं मोठं कलाप्रदर्शन, असेल तेव्हा गेलात तर उत्तम. २०१२पासून भरतं. बरीच वर्षं मुख्य जागा होती ॲस्पिनवॉल हाऊस, म्हणजे १८६७च्या सुमारास सुरू झालेल्या व्यापारी कंपनीचं आवार. मिरी, काथ्या, लाकूड यांच्या जुन्या वखारीत आता चित्रं नि मांडणीशिल्पं. खरं सांगायचं तर निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण खिडकीतून दिसणारी जहाजं पाहत तासभर बसलो.

लगतच्या मट्टनचेरीचं १५६८चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, चुकवू नका. शनिवारी बंद असतं. चप्पल काढून आत जायचं. खाली निळ्या नक्षीच्या चिनी फरश्या, प्रत्येक हाताने रंगवलेली. (आपल्या कॅम्पातलं, ससूनने बांधलेलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, किती पुणेकरांनी आतून पाहिलंय?)

मासेमारीची चिनी जाळी संध्याकाळी बघा. दगडांच्या वजनावर तोललेलं ते धूड चार-पाच जण मिळून ओढतात.