मदत हवी आहे: नागिणीनंतरचं दुखणं आणि सायकॉलॉजिस्टकडे जायला तयार नसलेली आई

नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो. आई ६४ वर्षांची. मागच्या गणपतीच्या आधी तिला छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली. पुरळ महिनाभरात सुकलं, दुखणं मात्र गेलं नाही. दहा महिने होत आले. सतत आग, मधेच शॉक बसल्यासारखी कळ. ब्लाउजचं कापडही सहन होत नाही, म्हणून घरात बाबांचा धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा घालते. प्रीगॅबालिन (मज्जातंतूंच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे. थोडा उतार पडतो, पण दिवसभर गुंगी.

पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी आता गोळ्यांच्या जोडीला सीबीटी (सायकॉलॉजिस्टशी बोलून विचार आणि सवयी बदलायला शिकायची थेरपी) सुचवली आहे. आईनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नाटक करतेय असं वाटतं का त्यांना?" तेव्हापासून विषय काढू देत नाही.

नागिणीनं मज्जातंतूंना इजा होते, दुखणं खरंच असतं, हे मला कळतं. पण मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश वाटेत कमीजास्त होतात (मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच हे 'गेट' म्हणून मांडलं) आणि भीतीनं ते वाढतात. आईचं तेच होतं. पुरळ असताना कुणीतरी तिला सांगितलं, नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही. ती बहुधा एकाच बाजूला, मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते, हे डॉक्टरांनी समजावलं. तरी अजून आंघोळ झाली की ती आरशात पाठ बघते. कळ आली की चेहऱ्यावर आधी ती भीती दिसते. त्यावर गोळी काय करणार?

दुसरं, जरा बरं वाटलं की भाजणी भाजायला घेते, माळा आवरायला काढते, मग चार दिवस अंथरुणात. सीबीटीत कामं थोडी थोडी वाटून करायला शिकवतात म्हणे. दुखणं पूर्ण जाईल अशी माझी अपेक्षा नाही.

तुमच्या घरी कुणी अशा दुखण्यासाठी सीबीटी किंवा एसीटी (दुखणं स्वीकारून जगायला शिकवणारी तशीच थेरपी) घेतली आहे का? किती भेटींनंतर फरक जाणवला? मराठीत बोलणारे, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलुंड ते दादरपर्यंत कुणी माहीत आहेत का? लोकलमध्ये कुणाचा कोपर लागला तरी ती कळवळते, त्यामुळे व्हिडिओवर भेटणारे असतील तर फारच बरं.

आणि पहिल्या भेटीला तुम्ही तुमच्या माणसाला काय सांगून नेलंत? मला तिला फसवून न्यायचं नाही.