रोज पाच स्केचेस, खोडरबर बंद: शिस्त की नुसता हट्ट?

अर्धी पेन्सिल
वय ३७, बँकेत नोकरी, डोंबिवली ते फोर्ट रोजचं. या जानेवारीपासून दर रविवारी एका निवृत्त कलाशिक्षकांकडे शिकायला जाते. हौस म्हणून नाही, पाच वर्षांत नोकरी सोडून चित्रकार व्हायचं असं मनाशी धरलंय (घरी अजून बोललेले नाही). सरांचा नियम असा: रोज पाच स्केचेस, माणसांची, समोर बघून. खोडरबर बंद. प्रत्येकावर तारीख. सलग शंभर दिवस होईतो रंगाला हात लावायचा नाही, आणि एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून.

मी ७४ दिवसांपर्यंत पोचले होते. मग मार्चअखेर आली, रात्री साडेदहाला घरी, त्यात आईला ताप. दोन दिवस वही उघडली नाही. रविवारी सरांनी वही चाळली आणि शांतपणे म्हणाले, "छान. उद्या पहिला दिवस." परतीच्या लोकलमध्ये रडू आलं. यात शिस्त किती आणि हट्ट किती? अनुभवी लोकांनी बोलावं.

गेरू
२६ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा मी सरांच्याच बाजूने बोलणार.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या पोरांना विचारा, स्मरणचित्राला काय काढणार? पाठ केलेला बाजार, नाहीतर पाठ केलेली बस थांब्यावरची रांग. पाय जमत नाहीत म्हणून माणसं टोपल्यांच्या मागे उभी करतात. कधी बघितलेलंच नाही, तर हाताला आठवणार काय?

वस्तुचित्रातला पितळी तांब्या घ्या. नवशिका तोंडाचा लंबगोल छान काढतो आणि बूड मात्र सरळ रेघेवर टेकवतो, कारण तांब्या टेबलावर सपाट बसतो हे त्याला माहीत असतं. खरं तर बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोल दिसते. फळ्यावर दहादा सांगितलं, मान डोलावतात, घरी जाऊन सपाटच काढतात. साठाव्या तांब्याला हात आपसूक वळतो.

खोडरबर बंद त्याचसाठी. चुकलेली रेघ समोर राहिली की दुसरी तिच्या हिशोबाने पडते. पुढे जलरंगात तर खोडायची सोयच नाही. फळी तिरकी धरून वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली ओढताना खालच्या कडेला पाणी साचतं, ते सुकायच्या आत पुढचा फटकारा गेला नाही तर डाग कायमचा. चित्रकार हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, जमलं तर बघून या. तैलरंग वाटतो, पण आहे जलरंग. काढलं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

उलटा ब्रश
गेरूकाका, तांब्या पटला. शंभर दिवस नाही पटले. मी आर्ट कॉलेजचं फाउंडेशनचं वर्ष करून पुढे कॉलेज सोडलेला माणूस आहे, तेव्हा मनात राग धरून लिहितोय हे गृहीत धरा.

आम्हाला रोज वीस होती. सहाव्या महिन्यात दादर स्टेशनवर माझी वीस मिनिटांत वीस व्हायची. बाकड्यावर बसलेला माणूस: डोक्याचं अंडं, पाठीची कमान, मांडीवर पिशवी. वर बघायची गरजच उरली नव्हती. एकदा मित्राने वही चाळून विचारलं, "हा एकच माणूस रोज येतो का रे?"

सराव मुरतो तशी खोडही मुरते. आणि तारखा तपासणारा मास्तर चित्र बघतो की हजेरीपट? चित्रकार गायतोंडे वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करायचे, बस. त्यांची वही कोण तपासत होतं?

डब्बा
मी सलग ४० दिवस जिमला गेलो होतो, एवढं सांगून खाली बसतो.

गेरू
गायतोंड्यांचं नाव आळशी लोकांच्या फार उपयोगी पडतं (तुम्हाला नाही म्हणत). १९४८ साली जेजे कला महाविद्यालयाची पदविका घेतलेला माणूस तो, नंतर लघुचित्रं घोटलेला. पोटभर काम करून शांत बसणं निराळं.

पण "एकच माणूस रोज येतो" हे मात्र लागलं. माझ्या मुलांच्या वह्यांमध्येही तो यायचा. मी बरोबरची खूण करून पान उलटायचो.

कोकणकडा
ताई, व्हॅन गॉगने १८८० साली, २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि शार्ल बार्गच्या रेखाटनाच्या धड्यांची पानंच्या पानं उतरवून काढली. शेवटच्या वर्षी, शेकडो चित्रं झाल्यावर, त्याने भावाकडे तेच धडे परत मागवले. तेव्हा पहिल्या दिवसावर जाण्यात कमीपणा काही नाही. पण सरांनी ते शिक्षा म्हणून दिलं, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही.

मुलगा लहान असताना माझे आठवडेच्या आठवडे कोरे जायचे. मी दिवस मोजणं सोडलं आणि वह्या मोजायला लागले. वही भरली की भरली, केव्हा का भरेना. आणि नोकरी करणाऱ्या बाईला सलग शंभर दिवस सांगणाऱ्यांच्या घरी चहा कोण करतं, हेही एकदा विचारून या.

उलटा ब्रश
शेवटच्या ओळीला +१.

गेरू
चहा हल्ली मीच करतो. नोकरीत होतो तेव्हा करत नव्हतो, कबूल.

अर्धी पेन्सिल
काल रात्री उलटा ब्रश यांचं वाचून ७४ दिवसांची वही काढली. जानेवारी संपल्यापासून माझी प्रत्येक उभी बाई वरचं हँडल धरून आहे आणि प्रत्येकीची बोटं म्हणजे चार सरळ रेघा. सगळ्या जणी सारख्याच.

आज सकाळी एकच हात काढला, दिव्यापासून भायखळ्यापर्यंत. समोरच्या बाई हँडल धरून उभ्या उभ्या झोपल्या होत्या. त्यांचा अंगठा तर्जनीवर टेकलेला होता आणि करंगळी हँडलला लागतच नव्हती, नुसती हवेत. तीनदा चुकले, तिन्ही रेघा आहेत. तारीख टाकली. पाचऐवजी एकच झालं, आता सरांना काय सांगू?

डब्बा
ते राहू दे, आईचा ताप उतरला का?

अर्धी पेन्सिल
उतरला, आज पेज खाल्ली. वही बघून म्हणाली, "लोकांच्या बायका काढत फिरतेस, मला काढ की. मी कुठे हलतेय." उरलेली चार तिचीच काढतेय, तिसऱ्यावर आहे. चष्मा काढायला तयार नाही.