मदत हवी आहे: मिरची घातलेली स्टाउट (काळी बिअर) चाखायची कशी?

रासबेरी आणि चिपोतले (धुरावून वाळवलेली) मिरची घातलेली इम्पीरियल, म्हणजे जास्त कडक, स्टाउट आणलीय, अल्कोहोल १० टक्के. पहिला घोट झकास! आधी कडू चॉकलेट, मग फळाचा आंबटपणा, आणि गिळल्यावर घशात हळूहळू चढत जाणारी जळजळ. पण थोड्याच वेळात जीभ बधिर, रासबेरी गायब. पाण्याचा उपयोग शून्य. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळतंय कुठे! मग मध्ये मध्ये चीज खावं, की त्याने चवीचा विचका होईल? फ्रिजमधून काढून लगेच ओतू, की १२-१३ अंशांवर येऊ देऊ? गार असताना तिखट कमी लागतं, पण वासही दबतो.

दुसरी बाटली वर्षभर मुरवायचा मोह होतोय. आधी काय उतरतं, फळ की मिरची? ठेवून बघितलेल्यांनीच सांगा. ('त्यापेक्षा साधी बिअर पी' हा सल्ला घरी मिळून चुकलाय.)